टॅबलेटची बॅटरी लवकर उतरत असेल तर दोष कसा शोधावा

टॅबलेटची बॅटरी पूर्वीसारखी टिकत नाही असे जाणवले की बहुतेक जण हाताला येईल ती सेटिंग बदलू लागतात. ब्राइटनेस खाली आणतात, ब्लूटूथ बंद करतात, सगळी ॲप्स बंद करत सुटतात आणि एवढे करूनही फरक पडला नाही की बॅटरीच गेली असा निष्कर्ष काढून मोकळे होतात. पण ‘बॅटरी टिकत नाही’ ही तक्रार दिसायला एकच असली तरी तिच्यामागे चार निरनिराळी कारणे असू शकतात. वापरताना वीज जास्त खर्च होते, टॅबलेट नुसता पडून असतानाही चार्ज उतरत राहतो, चार्जिंगला लावल्यावर तो पुरेसा भरतच नाही, किंवा बॅटरीची साठवण्याची क्षमताच घटलेली असते. या चारही दोषांचे उपाय एकमेकांपासून इतके वेगळे आहेत की कोणता दोष आहे हे कळण्याआधी काहीही बदलणे म्हणजे स्वतःचा वेळ आणि टॅबलेटची सोय दोन्ही वाया घालवणे होय.

सुरुवातीला थोडे गणित करून ठेवावे. समजा टॅबलेटची बॅटरी ७,००० मिलिअँपिअर-तासांची आणि ३.८५ व्होल्टची आहे. या दोन आकड्यांचा गुणाकार करून १,०००ने भागल्यास तिच्यात सुमारे २७ वॉट-तास इतकी ऊर्जा मावते असे दिसते. असा टॅबलेट वाचन आणि व्हिडिओ यांवर ९ तास चालत असेल, तर तो सरासरी ३ वॉट वापरतो. त्याच टॅबलेटवर एखादा भारी गेम ६ वॉट ओढत असेल, तर बॅटरी साडेचार तासांत संपणारच, आणि त्यात दोष कसलाही नाही. म्हणून अलीकडे आपला वापरच बदलला आहे का, हे आधी प्रामाणिकपणे तपासावे. डाउनलोड करून ठेवलेला चित्रपट पाहणे आणि तितकाच वेळ व्हिडिओ कॉलवर असणे यांच्या खर्चात मोठा फरक असतो, कारण कॉलमध्ये कॅमेरा, स्क्रीन, प्रोसेसर आणि नेटवर्क हे सगळे एकाच वेळी सतत राबत असतात.

दोन रात्रींची चाचणी

दोष कोणत्या जातीचा आहे हे ओळखण्याचा माझ्या मते सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे टॅबलेट न वापरता ठेवून पाहणे. रात्री चार्ज ८० टक्क्यांच्या आसपास असताना चार्जर काढावा, वाय-फाय नेहमीप्रमाणे चालू ठेवावे, स्क्रीन बंद करावी आणि टक्केवारी व वेळ कागदावर लिहून ठेवावी. सकाळी स्क्रीन उजळताच पुन्हा आकडा लिहावा. दुसऱ्या रात्री हीच कृती एअरप्लेन मोड लावून करावी. मात्र काही टॅबलेट एअरप्लेन मोडमध्येही वाय-फाय किंवा ब्लूटूथ चालू ठेवतात, त्यामुळे ती दोन्ही खरोखर बंद झाली आहेत याची खात्री करून घ्यावी.

सुस्थितीतला टॅबलेट रात्रभरात दोन-चार टक्केच गमावतो. पहिल्या रात्री दहा-पंधरा टक्के किंवा त्याहून अधिक चार्ज गेला आणि दुसऱ्या रात्री तो जागच्या जागी राहिला, तर नेटवर्कशी संबंधित काहीतरी टॅबलेटला झोपू देत नाही असे समजावे. एखादे मेल खाते दर काही मिनिटांनी तपासले जात असेल, फोटोंचा बॅकअप अडकून पुन्हा पुन्हा सुरू होत असेल, किंवा सिम असलेल्या टॅबलेटला रेंज कमी असल्याने तो सारखा टॉवर शोधत असेल. दोन्ही रात्री सारखाच चार्ज गेला, तर नेटवर्क निर्दोष ठरते. मग बिघडलेले एखादे ॲप, टॅबलेटला जोडलेली एखादी वस्तू किंवा प्रत्यक्ष हार्डवेअर यांच्याकडे वळावे. आणि दोन्ही रात्री जेमतेम घट झाली, पण दिवसा वापरताना बॅटरी भराभर संपते, असे असेल तर रोग वापरात आहे किंवा बॅटरीच्या क्षमतेत आहे.

जोडलेल्या वस्तूंमध्ये एक कारण सहजासहजी लक्षात येत नाही, ते म्हणजे झाकणाचे कव्हर. अनेक कव्हरांमध्ये लोहचुंबक असतो. झाकण मिटले की टॅबलेटमधला संवेदक तो चुंबक ओळखतो आणि स्क्रीन बंद करतो. झाकण उघडले की स्क्रीन उजळते. कव्हर सैल झालेले असेल तर पिशवीत टॅबलेट जरासा हलला तरी झाकण सरकते, स्क्रीन उजळते, पुन्हा बंद होते, आणि हा खेळ तासन्‌तास चालू राहतो. झाकण मिटवून ते दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे सरकवून पाहावे आणि कडेच्या फटीतून उजेड दिसतो का ते बघावे. दिसत असेल तर कव्हर बदलावे, किंवा सेटिंग्जमध्ये कव्हरने स्क्रीन चालू-बंद होण्याची सोय असल्यास ती बंद करावी. टॅबलेटला चिकटून त्याच्याकडूनच वीज घेणारा कीबोर्ड किंवा पेनही असाच एका रात्रीसाठी बाजूला काढून ठेवून पाहावा.

बॅटरीचा आलेख कसा वाचावा

आयपॅडवर सेटिंग्जमधील बॅटरी या विभागात गेल्या २४ तासांचा आणि काही दिवसांचा वापर दिसतो. अँड्रॉइड टॅबलेटवरही बॅटरी या नावाखालीच ही माहिती असते, फक्त आतली रचना कंपनीगणिक बदलते. येथे हमखास एक गैरसमज होतो. एखाद्या ॲपपुढे ६० टक्के असे लिहिलेले असते तेव्हा त्या ॲपने बॅटरीचा ६० टक्के भाग संपवला असे वाचणाऱ्याला वाटते. पण बहुतेक ठिकाणी हा आकडा त्या काळात जेवढा चार्ज खर्च झाला त्यातला त्या ॲपचा वाटा असतो. दिवसभरात एकूण १० टक्के चार्ज गेला असेल आणि त्यातले ६० टक्के ब्राउझरचे असतील, तर ब्राउझरने बॅटरीचे केवळ ६ टक्के घेतले आहेत.

खरी माहिती मिळते ती ॲप स्क्रीनवर किती वेळ होते आणि पडद्यामागे किती वेळ चालले यांच्या तुलनेतून. दहा मिनिटे उघडलेले ॲप पडद्यामागे पाच तास चालू राहिले असेल, तर गुन्हेगार सापडला. अर्थात गाणी वाजवणारे किंवा रस्ता दाखवणारे ॲप पडद्यामागे चालणे स्वाभाविक आहे. ज्याला पडद्यामागे काहीच काम नसावे अशा ॲपवर नजर ठेवावी. आधी ते अपडेट करावे. तेवढ्याने भागले नाही तर आयपॅडवर बॅकग्राउंड ॲप रिफ्रेशमध्ये त्याची परवानगी काढावी. अँड्रॉइडवर ॲपच्या माहितीत जाऊन त्याचा बॅटरी-वापर मर्यादित करावा. संदेश, अलार्म आणि औषधांची आठवण करून देणारी ॲप्स यांना मात्र अशी मर्यादा घालू नये, कारण मग ती ऐनवेळी गप्प राहतील.

सगळी ॲप्स दर तासाला सरकवून बंद करण्याच्या सवयीबद्दल स्पष्टच सांगायला हवे की तिचा बॅटरीला उपयोग होत नाही. २०१५ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ६ पासून, टॅबलेट चार्जरविना, स्क्रीन बंद ठेवून स्थिर पडला असेल तर ॲप्सची नेटवर्कची कामे पुढे ढकलली जातात, आणि आयपॅडही वापरात नसलेली ॲप्स गोठवून ठेवतो. बंद केलेले ॲप पुन्हा पहिल्यापासून उघडायला मात्र जास्त काम पडते. बॅटरी वाचवून देण्याचे आश्वासन देणारी वेगळी ॲप्सही काढून टाकावीत, कारण ती स्वतःच पडद्यामागे सतत जागी असतात.

दोषी ॲप आलेखात ओळखू येत नसेल तर अँड्रॉइडवर सेफ मोड वापरता येतो. पॉवरच्या मेनूमधील बंद करण्याच्या पर्यायावर बोट दाबून धरले की बहुतेक टॅबलेट तसे विचारतात. या मोडमध्ये आपण नंतर घातलेले एकही ॲप चालत नाही. सेफ मोडमध्ये रात्रीची घट थांबली, तर दोष आपणच घातलेल्या एखाद्या ॲपचा आहे हे नक्की झाले. मग अलीकडे घातलेल्यांपासून सुरुवात करून ती एकेक काढून पाहावीत.

मोठे सिस्टीम अपडेट नुकतेच झाले असेल तर मात्र दोन-तीन दिवस थांबावे. त्या काळात टॅबलेट फोटोंची आणि फायलींची नव्याने सूची बनवत असतो, ॲप्स नव्या प्रणालीसाठी तयार करत असतो, आणि हे काम संपले की खर्च आपोआप खाली येतो.

स्क्रीन

वापरातला सर्वांत मोठा खर्च बहुधा स्क्रीनचाच असतो, आणि टॅबलेटची स्क्रीन मोठी असल्याने हे अधिकच खरे आहे. ब्राइटनेस खोलीतल्या उजेडाप्रमाणे आपोआप बदलू द्यावा आणि स्क्रीन दोन मिनिटांत बंद होईल असे ठेवावे. डार्क मोडचा फायदा ओलेड स्क्रीनवरच होतो, कारण तिथे काळा ठिपका म्हणजे न पेटलेला ठिपका असतो. एलसीडी स्क्रीनमागचा दिवा चित्र काळे असले तरी जळतच राहतो. १२० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र ताजे करणारी स्क्रीन असेल तर ६० हर्ट्झवर आणल्याने बचत होते, पण सरकत्या पानांची सफाई ज्यांना हवी आहे त्यांनी हा उपाय शेवटी राखून ठेवावा.

चार्ज खरोखर भरतो का

कितीतरी तक्रारी बॅटरीच्या नसून चार्जिंगच्या असतात. वरच्याच २७ वॉट-तासांच्या बॅटरीला जुन्या फोनचा ५ वॉटचा अडॅप्टर लावला, तर वाया जाणारी ऊर्जा न धरताही ती भरायला जवळजवळ साडेपाच तास लागतील. संगणकाच्या जुन्या यूएसबी पोर्टमधून प्रमाणित मर्यादेनुसार अडीच वॉटच मिळतात. स्क्रीन चालू ठेवून ३ वॉट खर्च करणारा टॅबलेट अशा पोर्टला जोडला तर चार्जिंगचे चिन्ह दिसत असतानाही टक्केवारी खाली जात राहील, आणि वापरणारा बॅटरीला दोष देत बसेल. टॅबलेटसोबत आलेल्या किंवा कंपनीने सुचवलेल्या वॉटचा अडॅप्टर वापरावा, आणि शंका आल्यास आधी फक्त केबल, मग फक्त अडॅप्टर अशा क्रमाने बदलून पाहावे. दोन्ही एकदम बदलले तर दोष कशात होता ते कधीच कळणार नाही.

केबल पोर्टमध्ये पूर्ण बसत नसेल, जरा धक्का लागताच चार्जिंग तुटत असेल, तर पोर्टमध्ये कापडाचा बारीक कचरा दडपून बसलेला असण्याची शक्यता मोठी आहे. टॅबलेट पूर्ण बंद करून उजेडात पोर्टमध्ये पाहावे आणि लाकडी किंवा प्लास्टिकच्या बारीक काडीने कचरा हलक्या हाताने बाहेर ओढावा. टाचणी किंवा सुई कधीही घालू नये. ती आतील संपर्कपट्ट्या वाकवते आणि शॉर्ट सर्किट करू शकते.

बॅटरीच जुनी झाली असेल तर

टक्केवारी ३५ वरून एकदम ८ वर कोसळणे, किंवा २० टक्के दिसत असताना टॅबलेट बंद पडणे, ही दोन लक्षणे वापराच्या दोषाची नसतात. एकतर टक्केवारीचा अंदाज बांधणारी यंत्रणा चुकते आहे किंवा बॅटरी थकली आहे. पहिली शक्यता तपासण्यासाठी एकदाच टॅबलेट आपोआप बंद होईपर्यंत वापरावा आणि मग मध्ये न काढता पूर्ण चार्ज करावा. त्यानंतर आकडे सुरळीत झाले तर ठीक. मात्र याने गेलेली क्षमता परत येत नाही, आणि दर महिन्याला असे केल्याने बॅटरीची झीजच होते.

लिथियम-आयन बॅटरी वापरली तरी झिजते आणि नुसती ठेवली तरी झिजते. १०० टक्के इतका चार्ज एकदा किंवा तुकड्यातुकड्यांनी खर्च होणे म्हणजे एक चक्र. आज ५० आणि उद्या ५० टक्के वापरले तरी चक्र एकच धरले जाते. आदर्श परिस्थितीत १,००० चक्रांनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्के क्षमता उरावी अशी आयपॅडच्या बॅटरीची रचना असल्याचे ॲपल सांगते. या आयुष्याचा खरा शत्रू उष्णता आहे. ३५ अंश सेल्सिअसच्या वर वापरल्यास क्षमता कायमची घटू शकते, म्हणून उन्हात, बंद मोटारीत किंवा उशीखाली ठेवून चार्ज करू नये. सतत चार्जरला लावून भिंतीवर किंवा टेबलावर ठेवलेल्या टॅबलेटची बॅटरी कायम १०० टक्क्यांवर आणि कोमट राहते, तेही तिला मानवत नाही. चार्ज ८० किंवा ८५ टक्क्यांवर थांबवण्याची सोय असेल तर अशा टॅबलेटवर ती अवश्य चालू करावी. महिनोन्‌महिने न वापरता ठेवायचा असेल तर निम्मा चार्ज ठेवून पूर्ण बंद करावा आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा निम्म्यापर्यंत भरावा.

२०२४ पासूनच्या काही आयपॅडवर बॅटरीचे आरोग्य सेटिंग्जमध्येच दिसते आणि विंडोजचा बॅटरी रिपोर्ट मूळ क्षमता व सध्याची पूर्ण क्षमता शेजारी शेजारी दाखवतो. जिथे असा आकडा मिळत नाही तिथे सेवा केंद्रात तपासणी करून घ्यावी. क्षमता ८० टक्क्यांच्या खाली गेली असेल आणि टॅबलेटला सुरक्षा अपडेट अजून मिळत असतील तर बॅटरी बदलणे योग्य ठरते. अपडेट थांबून वर्षे लोटली असतील तर तो खर्च करण्यापूर्वी विचार करावा.

एक लक्षण दिसले की मात्र वरच्या सगळ्या चाचण्या तिथेच थांबवाव्यात. स्क्रीन एका कडेने वर उचलली गेली असेल, मागची बाजू फुगली असेल किंवा सपाट टेबलावर ठेवल्यावर पूर्वी न डोलणारा टॅबलेट आता डोलत असेल, तर आतली बॅटरी फुगली आहे. तो लगेच बंद करावा, पुन्हा चार्जिंगला लावू नये, स्क्रीन दाबून बसवण्याचा प्रयत्न करू नये, कागद-कपड्यांपासून दूर ठेवावा आणि सेवा केंद्रात न्यावा. टॅबलेटची बॅटरी बहुधा गोंदाने चिकटवलेली असते. घरी ती उपटताना वाकली किंवा तिला भोक पडले तर ती पेट घेऊ शकते, म्हणून फुगलेल्या बॅटरीवर स्वतः हत्यार चालवू नये. काढलेली जुनी बॅटरीही घरच्या कचऱ्यात न टाकता इलेक्ट्रॉनिक कचरा स्वीकारणाऱ्या केंद्राकडेच द्यावी आणि तोवर तिची टोके चिकटपट्टीने झाकून ठेवावीत.