आर-390ए दुरुस्त करताना: प्लग लावण्याआधी सी-553 कपॅसिटर बदला

आर-390ए हा जुना व्हॉल्व्हचा रेडिओ रिसीव्हर घरी आला की लगेच प्लग लावून आवाज ऐकावासा वाटतो. तेवढं टाळा. अमेरिकी लष्करासाठी 1950च्या दशकात कोलिन्सने आखलेल्या या 0.5 ते 32 मेगाहर्ट्झच्या रिसीव्हरमध्ये सहज न मिळणारा भाग म्हणजे मेकॅनिकल फिल्टर, म्हणजे हव्या तेवढ्याच रुंदीचा सिग्नल पुढे सोडणारी चाळणी. तो जळतो एका क्षुल्लक कपॅसिटरपायी.

हा कपॅसिटर म्हणजे आयएफ डेकमधला (मधल्या फ्रिक्वेन्सीचा सिग्नल वाढवणाऱ्या सुट्या भागातला) सी-553, 0.01 मायक्रोफॅरडचा. पहिल्या आयएफ व्हॉल्व्हच्या प्लेटवरचा हाय व्होल्टेज डीसी अडवून फक्त सिग्नल फिल्टरकडे सोडणं हे त्याचं काम. जुना कागदी कपॅसिटर आतून झिरपू लागला की तो डीसी फिल्टरच्या केसासारख्या बारीक तारेच्या कॉइलमधून वाहतो आणि कॉइल तुटते. तपासत बसू नका, सरळ बदला: 0.01 मायक्रोफॅरड, 630 व्होल्टचा पॉलीप्रॉपिलीन. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर असा कपॅसिटर किरकोळ किमतीत मिळतो.

डेक काढायला हिरव्या डोक्याचे स्क्रू सैल करा. ते डेकलाच अडकून राहतात, हरवत नाहीत. त्याआधी बँडविड्थ आणि बीएफओ (मोर्स ऐकण्यासाठीचा ऑसिलेटर) यांच्या दांड्यांवरचे क्लॅम्प सोडवा आणि दोन्ही नॉब कुठे आहेत याचा फोटो काढून ठेवा. क्लॅम्पच्या स्क्रूंना ब्रिस्टल (दातेरी टोकाचा) पाना लागतो. अ‍ॅलन की घातलीत तर खाचा घासून जातात आणि मग स्क्रू ड्रिल करून काढावा लागतो. डेक हातात असतानाच 2, 4, 8 आणि 16 किलोहर्ट्झच्या चारही फिल्टरांच्या कॉइल मल्टिमीटरने तपासा. एखादी ओपन (तुटलेली) आली तर त्या बँडविड्थवर रिसीव्हर मुका राहील, हे आधीच कळलेलं बरं. बाकीचे काळे-तपकिरी नळीचे कागदी कपॅसिटर याच बैठकीत बदलून टाका. ऑडिओ डेकवर ऑक्टल सॉकेटमध्ये बसणारे दोन इलेक्ट्रोलिटिकही बदला.

आता वीज. ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी 115 व्होल्टला जोडलेली असू शकते. सर्किट आकृती पाहून ती 230ला जोडा आणि फ्यूज 115 व्होल्टला लागतो त्याच्या निम्म्या अँपिअरचा घाला. लाइन फिल्टरमधले कपॅसिटर चॅसीकडे करंट सोडतात, त्यामुळे घरातला आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) पडतो. तो पडतो म्हणून अर्थची वायर तोडू नका, तो जिवाशी खेळ आहे. 1:1 आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा आणि चॅसी अर्थलाच ठेवा.

पहिल्यांदा 100 वॉटचा बल्ब सिरीजमध्ये घेऊन चालू करा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. लख्ख पेटून राहिला तर शॉर्ट आहे, लगेच बंद करा. आत 200 व्होल्टच्या वर डीसी असतो, तेव्हा मोजताना एक हात खिशात.

फिलामेंट पेटले पण आवाज नाही? व्हॉल्व्ह बदलत सुटू नका. आधी मागच्या पट्टीवर 14 आणि 15 हे 'डायोड लोड'चे स्क्रू पत्र्याच्या दुव्याने जोडलेले आहेत का ते बघा. तो दुवा नसला की रिसीव्हर धडधाकट असूनही गप्प बसतो. स्पीकरचं आउटपुट 600 ओहमचं आहे. 8 ओहमचा स्पीकर थेट लावला तर जेमतेम कुजबुज ऐकू येते. मध्ये मॅचिंग ट्रान्सफॉर्मर हवाच.

3टीएफ7 हा बॅलास्ट (फिलामेंटचा करंट स्थिर ठेवणारी नळी) जळाला तर बीएफओ आणि व्हीएफओ (स्टेशन लावणारा ऑसिलेटर) दोघांचे फिलामेंट विझतात. त्याच्या जागी 42 ओहमच्या आसपासचा रेझिस्टर चालतो. 0.3 अँपिअरला तो सुमारे 4 वॉट उष्णता देतो, म्हणून 10 वॉटचाच घ्या.

गिअरमधलं जुनं वंगण मेणासारखं घट्ट झालेलं असतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि टूथब्रशने दातन् दात साफ करा, मग बेअरिंगना शिवणयंत्राच्या तेलाचा एकेक थेंब. डायल मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्यावर आणल्यावर कॅमांची टोकं पुढच्या प्लेटवरच्या खुणांसमोर यायला हवीत. ती आली नाहीत तर अलाइनमेंटला हात लावण्याआधी कॅम जागेवर आणा.

शेवटी कॅलिब्रेटर (ठरलेल्या फ्रिक्वेन्सीचा खुणेचा सिग्नल) चालू करून किलोहर्ट्झच्या आकड्यांत 000 वर शून्य बीट घ्या, म्हणजे शिट्टीचा सूर उतरत नाहीसा होईल तिथे थांबा, आणि दहा फेरे फिरवून +000 या वरच्या टोकावर पुन्हा घ्या. फरक 1 किलोहर्ट्झच्या आत असेल तर व्हीएफओ उघडू नका.