चांगल्या घडीच्या चाकूचं उत्पादन बंद का पडतं: या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

घडीचा चाकू करायला घेणारी मुलं बहुतेक पोलादापासून सुरुवात करतात. कोणतं पोलाद, किती एचआरसी (पोलादाच्या कडकपणाचं माप), धार किती टिकते. पण उत्पादन बंद झालेल्या चाकूंची यादी काढली तर त्यातले बरेचसे पोलादात आणि धारेत उत्तमच निघतात. छोट्या कारखान्यात ते अडतात बसवणीपाशी, म्हणजे पातं आणि स्प्रिंग घासून एकमेकांशी जुळवण्यापाशी. कुपवाड-मिरजेच्या एमआयडीसीत जॉबवर्कवर चाकू करू पाहणाऱ्याने हा एक मुद्दा नीट समजून घेतला, तरी निम्मं नुकसान वाचेल.

लॉक नसलेला, पाठीच्या स्प्रिंगवर चालणारा साधा चाकू घ्या. द्राक्षाच्या कलमाचा घडीचा चाकू बहुधा असाच असतो. पातं उघडं असताना, अर्ध्यावर असताना आणि मिटलेलं असताना, तिन्ही वेळा स्प्रिंगची पाठ मुठीच्या पट्ट्यांशी सपाट लागली पाहिजे. पाठीवरून बोट फिरवलं तर कड जाणवता कामा नये. ही सपाटी पात्याच्या बुडाच्या, म्हणजे मुठीत राहणाऱ्या टोकाच्या, तीन बाजू ठरवतात आणि प्रत्येक बाजू वेगळी घासावी लागते. उघडी स्थिती जुळली म्हणून मिटलेली जुळत नाही. एखादी बाजू ०.०५ मि.मी. जास्त घासली गेली की त्या स्थितीत स्प्रिंग खाली बसते, आणि घासलेलं पोलाद परत लावता येत नाही. मिटताना पातं ज्या उंचवट्यावर टेकतं तो जास्त घासला, तर धार आत जाऊन स्प्रिंगवर आपटते आणि गिऱ्हाईक म्हणतं, धारच टिकत नाही. दोष धारेचा नसतो.

चांगला फिटर हे काम कानस आणि डायल (बारीक फरक दाखवणारं काट्याचं मापयंत्र) घेऊन अर्ध्या तासात करतो. चाकूचं नाव होतं ते या अर्ध्या तासामुळे, आणि तो बंद पडतो तोही याच अर्ध्या तासामुळे.

हिशेब मांडून बघा. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमचे तुम्ही घाला. पोलाद, लेझर, मुठीच्या पट्ट्या, पिना, हार्डनिंग, ग्राइंडिंग मिळून नगाला २२० रुपये. दुकानात किंमत ५५० आणि दुकानदाराचे ३० टक्के, म्हणजे तुमच्या हातात ३८५. कागदावर १६५ रुपये सुटताना दिसतात आणि माणूस ५०० नगांची ऑर्डर घेऊन मोकळा होतो. आता फिटरचा पगार, भाडं, वीज, बेल्ट धरून शॉपचा तास २५० रुपये लावा. अर्ध्या तासाचे १२५ झाले, नग ३४५ ला गेला. शंभरात १२ नग शेवटच्या तपासणीत बाद झाले तर उरलेल्या ८८ वर तो खर्च बसतो आणि नग ३९२ चा होतो. पॅकिंगचे २० धरा, ४१२. मिळणार ३८५. म्हणजे जीएसटीचा विषय निघायच्या आधीच प्रत्येक विकल्या नगामागे २७ रुपये खिशातून. चाकू जितका जास्त खपेल तितका खड्डा मोठा.

बाद झालेला नग कुठल्या टप्प्यावर बाद झाला, हेही लिहायलाच हवं. लेझरनंतर बाद झालेली पट्टी काही रुपयांची असते. हार्डनिंग, ग्राइंडिंग आणि बसवणी होऊन बाद झालेलं पातं सगळा खर्च खाऊन बसलेलं असतं. वहीत नुसतं ‘१२ रिजेक्ट’ लिहून काही कळत नाही. म्हणून घड्याळ लावून सलग २० चाकूंची बसवणी मोजा. पहिले पाच सोडून द्या, हात बसायला तेवढे लागतात. उरलेल्या पंधरांची सरासरी हाती आल्याशिवाय कोणालाही भाव सांगू नका.

हा वेळ कमी होतो आणि तो कमी करणं तुमच्या हातात आहे, तेव्हा घाबरून जाऊ नका. बसवणीची बरीचशी घासाघाशी भोकं चुकल्याची भरपाई असते. लेझरने थेट मापाचं भोक पाडून घेऊ नका. हार्डन होणाऱ्या पोलादात लेझरच्या उष्णतेने भोकाची कड कडक होते, तिथे रीमर (भोक नेमक्या मापाला आणणारं हत्यार) खराब होतो आणि भोक किंचित निमुळतंही येतं. ५ मि.मी. पिनसाठी लेझरचं भोक ४ चं ठेवा, ४.८ च्या ड्रिलने ती कडक साल काढा, मग ५ एच७ रीमर चालवा. एच७ म्हणजे भोकाच्या मापात चालणारा फरक, या मापाला शून्य ते अधिक ०.०१२ मि.मी. पात्याचं भोक आणि बुडाच्या बाजू एकाच फिक्स्चरमध्ये (नग जागेवर धरणाऱ्या साच्यात), एकाच टेकूवरून करा. स्प्रिंगचं भोक आणि तिची टेकणारी बाजूही तशीच. बूड मऊ असतानाच बसवून घ्या, ०.०५ राखून ठेवा आणि पाणी दिल्यावर, म्हणजे हार्डनिंग झाल्यावर, तेवढंच दगडाने काढा. बसवणी १२ मिनिटांवर आणि बाद नग शंभरात चारवर आले तर वरच्याच हिशेबात नग ३०१ ला पडतो. तोच चाकू, तीच किंमत, आणि ८४ रुपये सुटतात.

हार्डनिंगवाल्याकडे मात्र डोळे उघडे ठेवून जा. २०० पात्यांचं वजन जेमतेम ६ किलो भरतं. एवढ्यासाठी कोणी भट्टी लावत नाही, तुमचा माल दुसऱ्याच्या लॉटमध्ये जातो. त्या लॉटचं तापमान तुमच्या पोलादाला चालणारं आहे का, हे आधी विचारा आणि लेखी घ्या. परत आलेल्या मालातून ट्रेच्या कडेचं, मधलं आणि तळचं अशी तीन पाती तपासा. कलमाच्या चाकूला ५७-५८ एचआरसी पुरे. त्याहून कडकपणाच्या मागे लागू नका, शेतात धार लावायला दगडच असतो.

मोठ्या कंपन्यांची कारणं वेगळी दिसतात. ओपिनेल या फ्रेंच चाकू कंपनीने १८९७ मध्ये १ ते १२ नंबरची मालिका काढली आणि १९३० च्या दशकात १ आणि ११ नंबर बंद केले. ११ वाईट नव्हता, तो १० आणि १२ च्या मध्ये अडकला होता. नवशिके नेमकं हेच करतात, अर्ध्या इंचाच्या फरकाने चार मॉडेल काढतात आणि चारही एकमेकांचं गिऱ्हाईक खातात. भारतातून सांबरशिंगाची निर्यात थांबल्यावर खऱ्या शिंगाच्या मुठीची परदेशी मॉडेलं आटली, काहींवर हाड आलं. चाकूंचं एस३०व्ही पोलाद करणारी अमेरिकेतली क्रूसिबल कंपनी डिसेंबर २०२४ मध्ये दिवाळखोरीत गेली. ज्यांनी एकाच पोलादावर सगळी मापं बांधली होती त्यांना विचार करावा लागला. जाडी तीच ठेवून दुसरं पोलाद चालेल, अशी ड्रॉइंग सुरुवातीपासून ठेवा.

कायद्याकडे दुर्लक्ष करू नका. रामपूरच्या बटणाच्या चाकूची कारागिरी नावाजलेली, तरी निर्बंध आणि स्वस्त माल यांच्यामध्ये तो धंदा आकसला. बटण दाबून उघडणारं पातं करायलाच जाऊ नका. आपल्या सांगली जिल्ह्यात सणासुदीला महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ चे शस्त्रबंदीचे आदेश निघतात. तुमचा माल पाहताक्षणी शेतीचं अवजार वाटला पाहिजे: आखूड पातं, एकाच बाजूची धार, मुठीवर कलमाचं चित्र.

वेळही पाळावी लागते. तासगाव, पलूस, कवठेमहांकाळकडे खुंटावर कलम भरायचं काम ऑगस्ट-सप्टेंबरचं. माल आषाढीच्या आत दुकानात नसेल तर पैसा वर्षभर अडकला. चांगला चाकू पुढची कितीतरी वर्षं टिकतो, म्हणजे तेच गिऱ्हाईक लवकर परत येत नाही. पहिल्या वर्षीचा खप बघून दुसऱ्या वर्षी दुप्पट माल करू नका.

शिकायचं कुणाकडून, याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. कानस धरायला जुन्या फिटरकडेच शिका, व्हिडिओवरून मनगट तयार होत नाही. पण ‘हाताला कळतं’ एवढ्यावर त्यांना सोडू नका. कळलं म्हणजे किती कळलं, ते डायल लावून लिहून घ्या. तो माणूस गावाला गेला की बॅच थांबते, आणि कायमचा गेला की मॉडेल थांबतं. नामांकित कंपनीचा चाकू खोलून मापं उतरवायचा शॉर्टकट तर घेऊच नका. सुट्या भागावरून माप मिळतं, टॉलरन्स, म्हणजे त्या मापात किती फरक चालतो ते, मिळत नाही, आणि सगळा खेळ टॉलरन्सचा आहे.

एवढं करूनही एखादं मॉडेल बंद करावं लागेल. शिकलेलं वाया जात नाही. मिरजेत हत्यारांचं काम ओसरल्यावर शिकलगारांच्या घरांतून सतारी घडू लागल्या, हात तेच होते. फक्त बंद करताना घाई करू नका. ड्रॉइंग, फिक्स्चर आणि गेज एका पेटीत नाव घालून ठेवा. शेवटच्या बॅचमधून विकलेल्या दर शंभर चाकूंमागे पाच स्प्रिंगा, दोन पाती आणि मूठभर पिना बाजूला काढा, तेल लावून मेणकागदात गुंडाळा. स्प्रिंग तुटलेला चाकू घेऊन कोणी तीन वर्षांनी आला, तर त्याला नवी स्प्रिंग बसवून द्यायची आहे.