उद्याचं कालवण आज रात्री भिजत घाला

भोसरीत आम्ही चौघं राहतो. मालकांची कंपनीत पाळीची नोकरी, पहिली पाळी असली की पहाटे पाचला डबा भरलेला लागतो. मी घरी शिलाई करते आणि किराण्याचा हिशेब वहीत लिहिते. त्या वहीत बघितलं की कळतं, पैसा डाळ-तांदळात जात नाही. तो ऐनवेळच्या खरेदीत जातो. संध्याकाळी काही सुचलं नाही म्हणून आणलेलं पनीर, कोपऱ्यावरचे वडापाव, घाईत पाव-पाव किलोनं घेतलेली महाग भाजी. घरात काहीतरी भिजलेलं असलं की यातलं निम्मं आणावंच लागत नाही. म्हणून गल्लीत नव्यानं संसार मांडणाऱ्या पोरींना मी भाजी शिकवण्याआधी भिजत घालायला शिकवते.

मटकीपासून सुरुवात करा. रात्रीची भांडी झाली की एक वाटी मटकी निवडून, धुऊन भरपूर पाण्यात भिजवा. सकाळी पाणी काढून ओल्या सुती फडक्यात घट्ट बांधा आणि चाळणीत ठेवा. फडकं सुकलं तर पाण्याचा हबका मारा. उन्हाळ्यात रात्रीपर्यंत मोड येतात. थंडीत पुरचुंडी झाकणाच्या डब्यात घालून शेगडीजवळ ठेवा आणि आणखी एक रात्र द्या. वाटीभर मटकीची अडीच-तीन वाट्या होते. सोमवारी रात्री भिजवलेली मटकी बुधवारी पहाटे डब्यात जाते, म्हणून मी मंगळवारी रात्री लगेच चवळी किंवा मूग भिजवते. ही साखळी तुटू द्यायची नाही, सगळी बचत तिथंच आहे.

शिजवताना मोड आलेली मटकी कुकरला लावू नका, गाळ होतो. चार वाट्या पाण्यात हळद-मीठ घालून ती बोटचेपी शिजवा आणि पाणी निथळून वेगळं ठेवा. मटकी कांद्यावर परतली की डब्याची कोरडी उसळ झाली. निथळलेल्या पाण्याला लसूण-जिऱ्याची फोडणी, काळा मसाला आणि चिंचेचं बोटुक दिलं की संध्याकाळची आमटी झाली. त्यात मूठभर मटकी चेचून घाला, दाटपणा येतो. भाकरी कुस्करून खाणाऱ्याला वेगळ्या भाजीची आठवणही होत नाही.

हुलग्याला शहरातली माणसं नाक मुरडतात, मला त्याचं वाईट वाटतं. तो रात्रभर भिजवून कुकरला सहा-सात शिट्ट्या द्या. पहिल्या शिट्टीनंतर आच बारीक करायची, हे कुठल्याही कडधान्याला लागू आहे, गॅस वाचतो. पाण्याचं कळण करा, दाण्यांची उसळ. हुलग्याचं पीठ घरात असेल तर शेंगोळे करा. पिठात थोडी कणीक, वाटलेला लसूण, जिरं, मिरची, मीठ घालून घट्ट मळा. त्याच्या बोटाएवढ्या वळकट्या करून उकळत्या फोडणीच्या पाण्यात सोडा. रस्सा आपोआप दाट होतो, आणि थंडीत रात्री यापरतं दुसरं जेवण लागत नाही.

रेशनकार्डावरचं धान्य सोडू नका. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला 5 किलो आणि अंत्योदय कार्डाला 35 किलो धान्य मिळतं, आणि 2023 च्या जानेवारीपासून ते मोफत आहे. तांदूळ गिचका होत असेल तर त्याच्या मोकळ्या भाताचा हट्ट धरू नका. तीन वाट्या तांदूळ, एक वाटी उडीद डाळ आणि चमचाभर मेथ्या भिजवून वाटा, रात्रभर आंबवा, दोन दिवसांची धिरडी होतात. रेशनच्या गव्हापुढे ज्वारी महाग पडते, तरी मी महिन्याला थोडी घेतेच. भाकरीनं पोट धरून राहतं, उभ्यानं काम करणाऱ्या माणसाला ते लागतं. बाजरीचं पीठ मात्र आठवड्यापुरतंच दळा, लवकर कडू होतं.

भाजीला आठवडी बाजारात दिवेलागणीला जा. पालेभाजी विकणारीला माल परत न्यायचा नसतो, तेव्हा ती वाटे लावते. आणलेलं सगळं वापरा. मुळ्याचा पाला बेसन पेरून परता, कोथिंबिरीच्या काड्या वाटणात घाला, फ्लॉवरचे कोवळे दांडे बारीक चिरून वरणात शिजवा. दोडक्याच्या शिरा तर फेकायच्याच नसतात. त्या बारीक चिरून चमचाभर तेलात मंद आचेवर कुरकुरीत करा, तीळ, किसलेलं सुकं खोबरं, तिखट, मीठ घाला. आमच्याकडे दोडक्याच्या भाजीआधी ही चटणी संपते.

तेलाची पिशवी थेट कढईवर धरू नका. महिन्याचं तेल मोजून किटलीत काढा आणि पळीनंच घ्या. कांदा परतताना आधी चिमूटभर मीठ टाकलं की त्याला पाणी सुटतं, कमी तेलात मऊ होतो.

कधी भिजवायचं राहिलंच तर पिठलं आहे. एक वाटी बेसन, साडेतीन वाट्या पाणी, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची. पीठ थंड पाण्यात आधी कालवून घ्या म्हणजे गुठळ्या होत नाहीत, आणि झाकण ठेवून चांगली वाफ येऊ द्या. कच्चं राहिलेलं बेसन पोटाला बाधतं.

जून-जुलैत पाऊस लागला की भाज्यांचे भाव चढतात. त्याची तरतूद एप्रिल-मेच्या उन्हात करायची. मटकीची आणि हरभऱ्याची डाळ निम्मी-निम्मी भिजवून भरड वाटा, त्यात लसूण, जिरं, तिखट, हळद, मीठ घालून प्लॅस्टिकवर सांडगे तोडा. चार-पाच कडक उन्हं दाखवून खडखडीत वाळवा आणि बरणीत भरा. जागा नसेल तर गच्चीवर शेजारणीबरोबर घाला, राखणही होते. लागतील तेव्हा तेलात लालसर परतून, कांदा आणि शेंगदाण्याच्या कूटाच्या रश्श्यात दहा-पंधरा मिनिटं शिजवायचे. चौघांना दोन मुठी सांडगे पुरतात, शिजल्यावर फुगतात.