घाबरट शेल्टर मांजराला घर शोधताय? या चुका टाळा

शेल्टरमध्ये पिल्लं पटापट जातात, येईल त्याच्या पायाला अंग घासणारा बोकाही जातो, आणि कोपऱ्यातल्या पिंजऱ्यात लिटर ट्रेमध्येच (शी-शूसाठी ठेवलेला वाळूचा ट्रे) अंग चोरून बसलेली, बाहुल्या मोठ्या होऊन डोळे पार काळे झालेली, कुणी जवळ आलं की फिसकारणारी ती एक मनी महिनोन्महिने तिथेच राहते. मग कधीतरी एखादं दयाळू कुटुंब येतं, "आम्ही हिला प्रेम देऊ" म्हणत घेऊन जातं आणि आठवड्यात फोन येतो, "अहो ही दिसतच नाही, खात पण नाही, परत घेता का?" यात मांजरीचा दोष नसतोच, आणि खरं सांगायचं तर त्या कुटुंबाचाही फारसा नसतो. गडबड देतानाच झालेली असते. म्हणून हे मुख्यतः देणाऱ्यांसाठी आहे, म्हणजे व्हॉलंटिअर, फॉस्टर (घर मिळेपर्यंत मांजर आपल्या घरी सांभाळणारे), सोसायटीतली मांजरं सांभाळणारे काका-काकू, सगळेच. घेणाऱ्यांनी वाचलं तर उत्तमच.

घाबरट आणि रानटी एकच समजणं

मांजराचं पिल्लू साधारण २ ते ७ आठवड्यांचं असताना माणसाचा हात, आवाज, वास याची जी सवय लागते ती पुढे आयुष्यभर कामी येते. त्या वयात माणूस बघितलाच नाही असं मोठं मांजर वन बीएचकेमध्ये आणून ठेवणं हा त्याच्यावर अन्याय आहे. त्याची नसबंदी करा, कानाचं टोक कापून खूण करा, आणि जिथून आणलं तिथेच, खाऊ घालणारं कुणी आहे अशा जागी परत सोडा. पण कुणाच्या तरी घरी वाढलेली, मालक गेले किंवा घर बदललं म्हणून शेल्टरला आलेली मांजरही पहिले काही दिवस हुबेहूब तशीच वागते, आणि इथेच लोक फसतात. "जंगली आहे" असा शिक्का बसला की तिला भेटायला कुणी येतच नाही.

पिंजऱ्यात बघून हा निकाल लावू नका. शेजारी कुत्रे भुंकतायत, फिनाइलचा वास आहे, दर थोड्या वेळाने नवीन माणूस डोकावतोय, अशा ठिकाणी कुणाचाही खरा स्वभाव दिसत नाही. रात्री एखादा जुना मोबाईल रेकॉर्डिंगला लावून ठेवा. कुणी नसताना ती पिंजऱ्याच्या सळईला गाल घासते का, खेळण्याला पंजा मारते का, पाऊच फाडल्याचा आवाज आला की कान वळतात का? यातलं काही दिसलं तर तिला माणसाचं घर माहीत असण्याची शक्यता बरीच आहे. आणि जमलं तर काही आठवडे फॉस्टरकडे द्या, बंद खोलीत ती मांजर ओळखू येणार नाही इतकी बदलते कधीकधी.

पोस्टमध्ये खोटं लिहिणं

आपल्याकडे अडॉप्शनच्या पोस्टी म्हणजे लग्नाचे बायोडेटा झालेत, प्रत्येक मांजर गोरी, मनमिळाऊ आणि गृहकृत्यदक्ष. "थोडी शाय आहे पण लवकर मिक्स होईल." नाही होणार लवकर! आणि ज्यांनी त्या वाक्यावर भरोसा ठेवला ते आठव्या दिवशी स्वतःला दोष देत बसतात की आपल्याकडेच काहीतरी चुकतंय. दुसरं टोक म्हणजे रडगाणं, "कुणीच नाही हिचं, प्लीज वाचवा". त्याने शेअर खूप मिळतात पण फोन येतात ते दया आलेल्या लोकांचे, आणि दया पहिल्या पंजाबरोबर संपते.

त्यापेक्षा असं लिहा: "वय अंदाजे तीन, नसबंदी आणि लसी झाल्यात. अनोळखी माणूस आला की लपते. हात लावलेला आवडत नाही, पण आपण खाली बसलो की दोन फुटांवर येऊन बसते. लिटरला शिस्तीची आहे. चिकनच्या क्रीमी ट्रीटसाठी चमच्यापर्यंत येते. लहान मुलं नसलेलं शांत घर हवं." फोन कमी येतील, मान्य. पण जे येतील ते कामाचे असतील. फोटोही पिंजऱ्याच्या जाळीतून फ्लॅश मारून काढलेला नको, एक छोटा व्हिडिओ पुरे, ज्यात ती तिच्या खोक्यातून बाहेर बघतेय.

दया आलेलं घर म्हणजे योग्य घर, असं धरून चालणं

होम चेकला आपण खिडक्यांना जाळी बघतो आणि निघतो. जाळी हवीच, आणि पारव्यांसाठी लावलेली नायलॉनची पातळ नेट असेल तर ती मांजर चावून फाडू शकते हेही सांगायला हवं. पण घाबरट मांजरासाठी प्रश्न वेगळे आहेत. घरात येणंजाणं किती? शिकवण्या चालतात का, दर रविवारी पाहुणे असतात का? पाच वर्षांच्या मुलाला मांजर हवंय म्हणून घेताय का (मग हीच नको, दुसरी घ्या)? भाड्याचं घर असेल तर मालकाला माहीत आहे का? सोसायटीवाले कटकट करतात म्हणून महिन्याभरात मांजर परत येणं हेही नेहमीचंच, तेव्हा सांगून ठेवा की अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, तोही सरळ विचारायचा: "पुढचे सहा महिने हिने तुम्हाला हात लावू दिला नाही, तर चालेल?" यावर जो थांबून विचार करतो तो माणूस बरा. "आमच्याकडे सगळे प्राणी दोन दिवसात रमतात" म्हणणाऱ्यापासून मी तरी जरा सांभाळूनच असते. एक गोष्ट मात्र लोकांच्या लक्षात येत नाही, घरात आधीच एखादा बिनधास्त, माणसाळलेला आणि इतर मांजरांशी पटवून घेणारा बोका असेल तर घाबरट मांजर बऱ्याचदा त्याचं बघून शिकते. शेल्टरमध्ये तिचं एखाद्या मांजराशी जमलं असेल तर जोडीच द्या ना. "एकीलाच घर मिळेना, दोघींना कोण घेणार" असं आधीच ठरवू नका.

वेळ चुकवणं

दिवाळीच्या आठवड्यात, गणपती विसर्जनाच्या आसपास, थर्टी फर्स्टला घाबरट मांजर नव्या घरी पाठवू नका. फटाके, ढोलताशे, डीजे आणि त्यात अनोळखी घर, म्हणजे तिने घराबद्दल जे काही ठरवायचं ते त्याच रात्री ठरवलेलं असतं. घरात रंगकाम निघालंय, लग्न आहे, बाळ येणार आहे, तरी थांबा.

स्कूटरवरून, खोक्यात घालून नेणं

अजूनही लोक सुतळी बांधलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात मांजर नेतात. सिग्नलला हॉर्न वाजला की ते खोकं फुटतं आणि मांजर भर ट्रॅफिकमध्ये. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा कॅरिअरच हवा, रिक्षा किंवा कार, वरून चादर टाकून. कॅरिअर आदल्या दिवशीपासूनच तिच्या पिंजऱ्यात उघडा ठेवा, आणि तिच्या अंगाचा वास असलेलं न धुतलेलं फडकं सोबत द्या, तेच नव्या घरात तिच्या ओळखीचं एकमेव काहीतरी असतं. फारच घाबरणारी असेल तर प्रवासाआधी द्यायला डॉक्टर गॅबापेंटिनसारखं औषध लिहून देतात, पण डोस त्यांनीच ठरवायचा. घरातल्या गोळ्या मनाने द्यायच्या नाहीत, पॅरासिटामॉल तर अजिबात नाही, त्याची एक गोळीही मांजराच्या जिवावर बेतते.

पहिल्याच दिवशी अख्खं घर मोकळं सोडणं

यातूनच निम्मे फोन येतात. "घरभर फिरू दे, मोकळं वाटेल" म्हणून कॅरिअर हॉलमध्ये उघडतात आणि मांजर थेट बॉक्स बेडच्या पोकळीत, सोफ्याच्या खालचं कापड फाडून आत, नाहीतर वॉशिंग मशीनच्या मागे. मग तिला काढायला सोफा आडवा करतात, झाडू घालतात, आणि तिच्या डोक्यात पक्कं बसतं की इथे लपलं तरी सोडत नाहीत.

एक लहान खोली द्या. बेडखालची, कपाटामागची फट आधीच उशा-चादरी कोंबून बंद करा, पण लपायला जागा ठेवाच, फक्त ती आपण दिलेली असावी. आडवं ठेवलेलं पुठ्ठ्याचं खोकं, त्यात ते फडकं, बास. नेदरलँड्सच्या उट्रेक्टमधल्या संशोधकांनी २०१४ साली शेल्टरमध्ये नव्या आलेल्या मांजरांवर हेच बघितलं होतं, खोकं मिळालेल्या मांजरांचा ताण खोकं नसलेल्यांपेक्षा लवकर उतरला. फुकट मिळणारं खोकं हो, कुरिअरचं. लिटर आणि खाणं पहिले काही आठवडे शेल्टरमध्ये होतं तेच, आणि खाण्याचं भांडं लिटरपासून लांब.

माया करायची घाई

"हात फिरवत राहिलं की सवय होते" हा सल्ला प्रत्येक सोसायटीत एक तरी जण देतोच. मानेला धरून उचलणं, टॉवेलमध्ये गुंडाळून मांडीवर घेणं, आल्या आल्या आंघोळ घालणं... अशा वेळी मांजर दगडासारखी गप्प बसते आणि लोकांना वाटतं शांत झाली. ती शांत नाहीये, तिने हात टेकलेत. शेल्टरमध्ये हळुवार गोंजारण्याचा काही मांजरांना फायदा होतो हेही खरं आहे, पण ते अनुभवी माणसाने, मांजराची प्रतिक्रिया बघत बघत.

घेणाऱ्यांना एवढंच सांगा की खोलीत जाऊन खाली बसा, तिच्याकडे पाठ किंवा बाजू करून, आणि पेपर वाचा मोठ्याने, फोनवर आईशी बोला, काहीही करा पण तिच्याकडे टक लावून बघू नका. नजरानजर झालीच तर डोळे हळू मिटून हळू उघडा. ससेक्स विद्यापीठाच्या २०२० च्या अभ्यासात असं दिसलं की अनोळखी माणसाने हे केलं तरी मांजरं उलट डोळे मिचकावतात आणि त्याच्या हाताजवळ यायला जास्त तयार होतात. मग लांब दांड्याच्या चमच्याला क्रीमी ट्रीट लावून जमिनीवरून सरकवा. ती चाटत असताना दुसरा हात पुढे करायचा मोह होतो, करू नका, चाटून झालं की चमचा मागे घ्या आणि उठून जा. आपण गेल्यावर ती खोक्यातून मान बाहेर काढून चमचा होता ती जागा हुंगते, तो दिवस चांगला गेला समजायचं.

मांजर नव्या घरात रुळायला तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा एक हिशोब सगळीकडे फिरतो, तो साधारण मांजरांसाठी ठीक आहे. अशा मांजराला त्याच्या कितीतरी पट वेळ लागू शकतो आणि काही मांजरं कायमच पाहुणे आले की पलंगाखाली जातात. चालतं ते.

"घाबरलीये म्हणून" असं म्हणत आजार अंगावर काढणं

पहिल्या दिवशी खाल्लं नाही तर घाबरू नका, बऱ्याच जणी मध्यरात्री सगळे झोपल्यावरच खातात, म्हणून भांड्यात किती होतं ते बघून ठेवा. पण दोन दिवस काहीच पोटात नाही असं झालं तर डॉक्टर गाठा, उपाशी मांजराचं यकृत चरबी साठून बिघडतं, आणि जाड मांजरांचं जास्त लवकर. दूध देऊन भूक चाळवू नका, बहुतेक मोठ्या मांजरांना ते पचत नाही, बिनमिठाचं उकडलेलं चिकन किंवा बांगडा कोमट करून द्या, वास सुटला पाहिजे.

आठवडाभरात शिंका, डोळ्यातून पाणी? मांजरांमधला हर्पिसचा विषाणू अंगात दबून राहतो आणि ताण आला की उसळतो, म्हणून नव्या घरी गेल्यावरच हे दिसतं आणि लोक म्हणतात आजारी मांजर दिलं. हे आधीच सांगून ठेवा. आणि बोका असेल, परत परत लिटरमध्ये जाऊन बसतोय, ओरडतोय पण लघवीचा थेंब नाही, तर सकाळची वाट बघायची नाही. रात्रीच दवाखाना. मार्ग तुंबला असेल तर एका-दोन दिवसात जीव जाऊ शकतो.

पळाली तर हाका मारत पळत सुटणं

घाबरट मांजर पळाली की बहुतेक वेळा लांब जात नाही, जवळच कुठेतरी दडते आणि तुमच्या हाकेला ओ देत नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत सापडलेल्या मांजरांपैकी सुमारे ७५ टक्के ५०० मीटरच्या आतच मिळाली होती. पार्किंगमधल्या गाड्यांखाली, मीटर रूम, डक्ट, पंप हाऊस, जिन्याखालची अडगळ, टॉर्च घेऊन रात्री उशिरा बघा, टॉर्चमध्ये डोळे चमकतात. वॉचमनला फोटो द्या आणि मुलांना पाठलाग करू देऊ नका. तरी नाहीच सापडली तर पिंजरा लावायला शेल्टरवालेच मदत करतील, त्यांच्यापासून ही गोष्ट लपवून ठेवू नका.

परत आलेल्या मांजराला नापास ठरवणं

देतानाच लिहून द्या की नाही जमलं तर आम्ही परत घेऊ, कधीही. एवढं म्हटलं की लोक मोकळेपणाने फोन करतात, नाहीतर गुपचूप बागेत सोडून देतात. परत आली तर जमल्यास पिंजऱ्यात नको, फॉस्टरकडे. आणि त्या कुटुंबावर चिडण्याआधी त्यांना विचारून घ्या, रात्री कुठे बसायची, कुणाच्या पावलांना घाबरत नव्हती, टीव्हीच्या आवाजाने पळायची का, चमच्यावरून काय खाल्लं. शेल्टरमध्ये जे आपल्याला कधी दिसलं नसतं ते त्यांनी बघितलेलं असतं, ते सगळं पुढच्या पोस्टमध्ये टाका.