दहा सेकंदांत पत्ता, फोन आणि 'आमची कोठेही शाखा नाही'

"ताई, आवाज चांगला आहे म्हणतात सगळे, आरजे व्हायचंय, काय करू?" जूनच्या आसपास हा प्रश्न हमखास येतो. मीही असाच 'चांगला आवाज' घेऊन सोलापुरातल्या एका खासगी एफएम स्टेशनात गेले होते. पहिले सात महिने माईकजवळ कुणी फिरकू दिलं नाही. 'ट्रॅफिक'ला बसवलं. मला वाटलं, सात रस्त्याला गाड्या कुठे अडकल्यात ते सांगायचं असेल. स्टेशनात ट्रॅफिक म्हणजे जाहिरातींची वाहतूक निघाली. कुठला स्पॉट कुठल्या ब्रेकला, किती सेकंदांचा, दिवसातून कितीदा, याचा रोजचा तक्ता. दर दहा सेकंदांवर ठरतो. एक स्पॉट चुकला तर दुसऱ्या दिवशी भरून द्यायचा. एका ब्रेकमध्ये दोन सराफ शेजारी बसवले, तर संध्याकाळपर्यंत दोघांचेही फोन.

तेव्हा रडू यायचं. आज कुणी विचारलं तर सांगते, आधी तिथेच बसा.

कारण हे दुकान जाहिरातीवर चालतं, आणि हे काही खासगी एफएमनं आणलेलं नाही. विविध भारती १९५७ साली सुरू झाली आणि १ नोव्हेंबर १९६७ पासून तिच्यावर जाहिराती वाजू लागल्या, त्याही पहिल्यांदा मुंबई, पुणे, नागपूर या आपल्याच केंद्रांवर. पुढे १९९३ मध्ये आकाशवाणीनं मोठ्या शहरांत एफएमवरचे काही तास खासगी कंपन्यांना भाड्यानं दिले. स्वतःचं असं पहिलं खासगी स्टेशन जुलै २००१ मध्ये बंगळूरला वाजलं. तेव्हाची लायसन्स फी ठरावीक होती, दरवर्षी वाढणारी. तिनं बरेच जण मेटाकुटीला आले. २००५ च्या धोरणात फी उत्पन्नाच्या ४ टक्क्यांवर आणली, तेव्हा कुठे आपल्यासारख्या शहरांचं गणित जमायला लागलं.

नोकरी पक्की झाली ती कॉपीमुळे, म्हणजे जाहिरातीचा मजकूर लिहिण्यामुळे. नवी पेठेत लग्नाच्या बस्त्याचं एक दुकान. मालकांनी वहीच्या कागदावर जाहिरात स्वतः लिहून आणली होती. साड्यांचे नऊ प्रकार, पूर्ण पत्ता, दोन फोन नंबर, वडिलांचं नाव, आणि शेवटी 'आमची कोठेही शाखा नाही'. वेळ घेतलेली दहा सेकंद. दहा सेकंदांत पंचवीसेक शब्द बसतात, तेही धाप न लागता म्हटले तर. मी शहाणपणानं आधी ते शाखेचं वाक्य उडवलं. मालक म्हणाले, "तेवढं एक ठेवा मॅडम, बाकी काय ते काढा. समोर आमच्याच नावाचं दुकान निघालंय." त्यांची सगळी अडचण त्या एका वाक्यात होती. मग साड्या गेल्या, फोन गेले, वडीलही गेले. उरलं ते असं: "बस्ता बांधायचाय? नवी पेठेत या. पण पाटी नीट वाचा. नाव तेच असलं, तरी दुकान एकच. आमची कोठेही शाखा नाही!" नाव घालून पावणेदहा सेकंद.

बातम्या खासगी एफएमला स्वतः करता येत नाहीत, हे नव्या पोरांना पचत नाही. २०११ च्या धोरणात आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावायची मुभा मिळाली. वाहतूक, हवामान, परीक्षा-निकाल, वीज-पाणी ही माहिती 'बातमी'त धरली नाही. सोलापुरात पाणी काही दिवसांआड येतं. त्यामुळे 'उद्या कुठल्या भागात' हे सांगणारी लिंक, म्हणजे दोन गाण्यांमधलं आरजेचं बोलणं, कुठल्याही गाण्यापेक्षा कान देऊन ऐकली जायची. एका रविवारची लिंक मी शनिवारीच रेकॉर्ड करून ठेवली आणि तारीख बदलायची विसरले. सोमवारी सकाळी एका बाईंचा फोन आला, "तुम्ही काय सांगायलाव, अन् नळाला काय यायलंय?" मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "माफीनं घागर भरती का?" तेव्हापासून पाण्याची लिंक मी कधी रेकॉर्ड केली नाही.

प्रोग्रॅमिंगचं म्हणाल, तर प्रत्येक तासाचं एक 'क्लॉक' असतं. गाणं, स्वीपर (स्टेशनचं नाव सांगणारा छोटा तुकडा), लिंक, ब्रेक, सगळं मिनिटावर. गाणी सॉफ्टवेअर निवडतं. आरजेची 'आवड' वगैरे कुणी विचारत नाही. दुपारचा पट्टा मात्र मला फार शिकवून गेला. कुंभारीच्या विडी घरकुलात एकदा श्रोत्यांना भेटायला गेलो. विडी कामगारांची दहा हजार घरांची वसाहत. मांडीवर सूप, हातात कात्री, पानं कापता कापता रेडिओ चालू. घरात तेलुगू, दारात मराठी, गाणं हिंदी. हात सतत कामात, त्यामुळे आमचा 'लगेच फोन करा, बक्षीस जिंका' हा खेळ त्यांच्या काहीच कामाचा नव्हता. एकजण म्हणाली, "फोन उचलला की विडी राहती." आणि आम्ही ऑफिसात बसून दुपारी फोन कमी का येतात, यावर मीटिंगा घेत होतो! पुढे त्या पट्ट्यात आम्ही कोडी घातली, उत्तर पुढच्या ब्रेकनंतर. फोनची गरजच नाही.

एक कडू गोष्टही ऐकून ठेवा. आता एका शहरात बनलेला कार्यक्रम कंपनीच्या दुसऱ्या शहरातल्या स्टेशनांवरही वाजवता येतो, त्यामुळे स्थानिक आरजेचे तास कमी झालेत. नुसता आवाज घेऊन आलात तर थांबावं लागेल. कॉपी लिहिता येत असेल, ऑडिओ एडिट करता येत असेल, दुकानदाराशी बोलायला लाज वाटत नसेल, तर लवकर आत घेतात.

डेमोत, म्हणजे निवडीसाठी द्यायच्या आवाजाच्या नमुन्यात, सिनेमातले संवाद नकोत, नकला तर नकोतच. संक्रांतीला गड्ड्यावर, म्हणजे आपल्या सिद्धेश्वराच्या जत्रेत जा. पाळणेवाला, चुरमुरेवाला, लेकरू हरवलेली आजी, कुणाशीही बोला आणि ते नव्वद सेकंदांत बसवा. माझा पहिला सव्वाचार मिनिटांचा झाला होता, आणि त्यात तीन मिनिटं मीच बोलत होते.