पोल्ट्रीतल्या कोंबड्यांसाठी निवेदन : विधीच्या विद्यार्थ्यांनी या चुका टाळाव्यात

पहिली चूक बहुधा विषयाच्या ओळीतच असते : ‘कठोर नवा कायदा करावा.’ हालचालीस पुरेशी उंची, लांबी व रुंदी नसलेल्या पिंजऱ्यात प्राणी ठेवणे हा १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार आजही गुन्हा आहे. मात्र ‘पुरेशी’ म्हणजे किती, हे आकड्यांत ठरते ते केंद्र सरकारने कलम ३८ खाली करावयाच्या नियमांत. विधी आयोगाने जुलै २०१७ च्या २६९ व्या अहवालात अंड्यांच्या आणि मांसाच्या कोंबड्यांसाठी अशा नियमांचे मसुदेही जोडले होते. तो अहवाल न वाचता निवेदन लिहिणे म्हणजे निम्मे काम वाया घालवणे होय. मसुद्यालाच लागू नियम समजून त्याचा आधार घेणे ही त्याच जातीची चूक, म्हणून राजपत्रातील अंतिम अधिसूचना आधी शोधावी.

पहिल्या गुन्ह्यासाठीचा १० ते ५० रुपयांचा दंड वाढवायचा असेल, तर मात्र मूळ कायद्यातच दुरुस्ती हवी. ती केवळ संसदच करू शकते, असे समजून आमदारांना वगळू नये. हा विषय समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र व राज्ये दोघांनाही कायदे करता येणाऱ्या विषयांत, आहे आणि महाराष्ट्राने २०१७ मध्ये बैलगाडा शर्यतींसाठी याच कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली. प्राणिमित्रांना हे उदाहरण रुचणार नाही, पण रस्ता तोच आहे : विधिमंडळाची मंजुरी आणि केंद्रीय कायद्याशी विसंगती असल्यास राष्ट्रपतींची संमती.

प्राण्याला मारणे किंवा जायबंदी करणे याबद्दलची भारतीय दंड संहितेची कलमे ४२८ व ४२९ अजूनही निवेदनांत दिसतात. १ जुलै २०२४ पासून त्यांच्या जागी भारतीय न्याय संहितेचे कलम ३२५ आले आहे.

सर्वांत महागात पडणारी चूक कायद्याची नव्हे, माहितीची असते. ब्रॉयलर, म्हणजे मांसासाठी वाढवलेले पक्षी, सहसा पिंजऱ्यात नसतातच. ते शेडमध्ये भाताच्या तुसावर वाढतात, आणि त्यांचे प्रश्न गर्दी, तुसाची ओली गादी, अमोनियाचा वास, अतिवेगाने वाढणाऱ्या जातींचे अधू पाय हे असतात. पिंजऱ्याचा प्रश्न प्रामुख्याने लेयरचा, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्यांचा. दोन्हींची सरमिसळ केलेले निवेदन पशुसंवर्धन अधिकारी पहिल्याच परिच्छेदात बाजूला ठेवील. शिवाय करार पद्धतीत पिल्ले, खाद्य आणि औषधे कंपनी देते आणि शेतकऱ्याला संगोपनाचा मोबदला मिळतो; तेव्हा जबाबदारीचे कलम सुचवताना केवळ ‘शेडचा मालक’ असे न लिहिता पक्ष्यांची मालकी असलेल्या कंपनीचाही त्यात स्पष्ट समावेश करावा.