मिरगाआधी वर्ग लावताना

शाळा उघडण्याआधीचा एक अख्खा दिवस फक्त वर्गासाठी ठेवा. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या माझ्या शाळेत मी आधी छपराकडे बघते. कौले मेमध्येच शाकारून घ्यायची, आणि गेल्या पावसात जिथे बादली ठेवावी लागली तिथे बाक मांडायचाच नाही.

पत्र्याचे छप्पर असेल तर गळतीपेक्षा आवाजाची काळजी जास्त करा. शिकवताना वर्गात आजूबाजूचा गोंगाट ३५ डेसिबलच्या वर नसावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पत्र्यावर सर कोसळू लागली की हे गणित मोडतेच. एकदा अशाच सरीत श्रुतलेखन घेत होते. मी 'डोळा' म्हटले, तिसऱ्या ओळीतल्या मुलीने 'गोळा' लिहिले. लाल रेघ मारायला पेन उचलले आणि हात थांबला. काना-मात्रा, अक्षर, सगळे बरोबर होते; तिला ऐकूच तसे आले होते. मोठी माणसे तुटका शब्द मनाने पुरा करतात. घरी कोकणी बोलणाऱ्या पहिलीतल्या मुलाकडे मराठी शब्दांचा तेवढा साठा अजून नसतो. म्हणून सरीच्या वेळची कामे आधीच काढून ठेवा: चित्रवाचन, बिया मोजणे, पाहून लिहिणे. श्रुतलेखन पाऊस ओसरल्यावर. बाक अर्धगोलात आणा, म्हणजे तुमचे ओठ सगळ्यांना दिसतील. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीला वर्षाचे २०० दिवस, ८०० तास ठरवून दिलेत; पावसाचे चार महिने त्यातून वगळून चालणार नाही.

मग शेवटच्या बाकावर स्वतः बसा, मान मुलाच्या उंचीला आणून. फळा चमकतो का? उजेड डावीकडून येतो का? डावखुऱ्यांना तो उजवीकडून हवा. पाय लोंबकळत असतील तर खाली पाट द्या.

झड येते त्या बाजूच्या खिडक्या लावा, पण समोरच्या उघड्याच ठेवा. ओल्या कपड्यांनी भरलेल्या बंद खोलीत मुले पेंगतात. छत्र्या-रेनकोटांना व्हरांड्यात खुंट्या, दाराशी गोणपाट, कपाटात दोन टॉवेल. खडू घट्ट झाकणाच्या डब्यात.

आणि एक कोरी वही. सारखे "काय बाई?" विचारणाऱ्या मुलांची नावे तिच्यात लिहा. सर्दीने कानात पाणी साचले तरी ऐकू कमी येते. अशा मुलाला पुढे बसवा आणि कान दाखवून घ्यायला त्याच्या आईला त्याच आठवड्यात सांगा.